एकही मूल मागे न ठेवता शाळेबाहेरचा दिवस कसा घ्यावा

हा लेख गावातल्या छोट्या शाळांच्या शिक्षकांसाठी आहे, आणि अशा शाळेला हात देणाऱ्या पालकांसाठी, स्वयंसेवकांसाठीही. वर्ग घेऊन शेतात, ओढ्याकाठी, माळावर जायचं, दिवसभर तिथेच शिकायचं आणि पटावरचं प्रत्येक मूल सोबत न्यायचं, असं मनात आहे पण सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही, तर पुढे वाचा.

अशा दिवसांचा हजेरीपट कधी बारकाईने पाहा. गैरहजर नावं बहुतेक ठरलेली असतात. कुबड्या लागणारी मुलगी, फिट येणारा मुलगा, गर्दीत कानांवर हात दाबून बसणारं पोर. कुणी "येऊ नकोस" असं म्हटलेलं नसतं. "जमेल का हो तिला? तुम्हीच ठरवा," एवढंच शाळेने विचारलेलं असतं, आणि घरच्यांनी जे समजायचं ते समजून घेतलेलं असतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर शंकेला जागा नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ सालचा. त्याच्या २४व्या कलमात सर्वसमावेशक शिक्षण आहे, आणि ३०व्या कलमात दिव्यांग मुलांना खेळ, करमणूक, क्रीडा यांत इतर मुलांइतकाच वाटा मिळावा, शाळेतले असे उपक्रमही त्यात आले, असं स्पष्ट लिहिलं आहे. पण मुख्याध्यापकांसमोर कलमं वाचून दाखवण्यापेक्षा नीट आखलेला दिवस ठेवला तर परवानगी लवकर मिळते, हा माझा अनुभव.

सगळ्या आखणीचं सूत्र एकच: ज्या मुलाला तो दिवस सगळ्यात अवघड जाणार आहे, त्याच्यापासून आखायला घ्या. जागा, वाट, वेळ, काम, सगळं आधी त्याच्यासाठी ठरवा आणि मग बाकीच्या वर्गाला त्यात बसवा. उलट केलंत, म्हणजे आधी सहल ठरवली आणि मग "आता हिचं काय करायचं" असा विचार केलात, तर ती मुलगी झाडाखाली सतरंजीवर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळेल.

१. आधी प्रश्न ठरवा, मग जागा

गावातल्या मुलांना रान दाखवायला नेऊ नका. ते त्यांनी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलेलं असतं. "हे बघा, हे झाड" म्हटलं की मागच्या रांगेतून हसू ऐकू येतं, आणि ते रास्तच असतं. (एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: दिव्यांग मुलाने ते रान पाहिलेलं असेलच असं नाही. शेताच्या शेजारी राहूनही बांधापलीकडे कधी न गेलेली मुलं असतात.)

त्यामुळे ज्याचं उत्तर वर्गात कुणालाच आधी ठाऊक नाही असा एक प्रश्न घ्या. एकच. पायवाटेवर पाणी जास्त वेळ साचतं की नांगरलेल्या रानात, आणि किती जास्त? एका चौरस मीटरात किती प्रकारचे जीव सापडतात? सावलीतली माती उघड्या मातीपेक्षा किती थंड असते? अशा प्रश्नाला हात, कान, नाक, डोळे, आकडेमोड, सगळंच लागतं, आणि म्हणून प्रत्येकाला शिरायला वाट सापडते.

२. पटावरच्या प्रत्येक मुलाची माहिती घ्या

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे घाई केली तर पुढचं सगळं डळमळतं. निदान दोन आठवडे आधी सुरुवात करा, आणि फक्त "ज्यांचं काहीतरी आहे" त्यांनाच विचारू नका. सगळ्यांच्या घरी तेच प्रश्न जाऊ द्या. दमा, फिट, रक्तातले आजार, अंथरूण ओलं करणं, अंधाराची किंवा कुत्र्याची भीती, यातलं बरंच काही चेहऱ्यावर दिसत नाही.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा टक्क्यांचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. विचारायचं ते असं: किती वेळ सलग चालता येतं? थकल्यावर कसं कळतं? शौचाला कुणाची मदत लागते, आणि ती कुणी केलेली चालते? कशाने घाबरते, आणि घाबरल्यावर घरी काय करता? कुठलं औषध किती वाजता? बोललेलं किती समजतं, आणि "हो", "नाही", "दुखतंय" हे कसं सांगते?

घरी जाऊन विचारलंत तर उत्तम. कागद पाठवलात तर "काही नाही" असं लिहून परत येतो. आणि मुलालाही विचारा. आई म्हणते "त्याला नाही झेपणार", आणि पोरगं शेजारी बसून डोळ्यांनी सांगत असतं की झेपेल.

काही बाबी नवख्या माणसाला ठाऊक नसतात, म्हणून इथे लिहून ठेवतो:

स्पायना बायफिडा (जन्मतः पाठीचा कणा पूर्ण न मिटलेला) असलेल्या मुलांना कमरेखाली स्पर्शाची जाणीव कमी असू शकते. तापलेल्या दगडावर बसलं, तर भाजलेलं त्यांना कळत नाही. शिवाय या मुलांत रबराची, म्हणजे लॅटेक्सची, ॲलर्जी बऱ्याच प्रमाणात आढळते. सजावटीचे फुगे आणि साधे रबरी हातमोजे त्या दिवशी नकोत.

डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. कोलांटउड्या, डोक्यावर भार येणारे खेळ, मानेला हिसका बसेल अशी ओढाओढ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाला पाणी कमी पडणं, अति दमणूक किंवा एकदम थंड पाण्यात जाणं यांमुळे तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. त्याची बाटली कायम भरलेली हवी, आणि "शर्यत लावू" वाले खेळ त्याच्यावर लादू नयेत.

अल्बिनिझम (जन्मतः त्वचेत, केसांत, डोळ्यांत रंगद्रव्य फार कमी) असलेल्या मुलाची त्वचा उन्हाने लवकर भाजते, डोळ्यांना उजेड सोसत नाही आणि नजरही बहुधा कमी असते. पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी, गडद चष्मा आणि सावलीतलं काम.

मधुमेही मूल अचानक घामाघूम झालं, थरथरू लागलं, असंबद्ध बोलू लागलं, तर साखर कमी झाली असं धरा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर ग्लुकोज किंवा साखर लगेच द्या.

लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि बहुतेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. "लाल झेंडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला" अशी खूण ठेवणार असाल तर झेंड्यांचे आकारही वेगळे ठेवा.

ही माहिती कुणाकुणाला द्यायची तेही आधीच ठरवा. ज्या गटात ते मूल आहे त्या गटाच्या मोठ्या माणसाला त्याच्यापुरतं कळलं की झालं. सगळ्यांचा तक्ता करून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणं हा गुन्हाच समजा.

३. जागा पाहायला चाकं घेऊन जा

जागा जवळची घ्या. शाळेच्या मागचं शेत लांबच्या प्रसिद्ध ठिकाणापेक्षा हजारपट चांगलं, कारण प्रवासातच निम्मी मुलं थकतात आणि गाडीत चढण्या-उतरण्यात व्हीलचेअरवाल्या मुलाचा दिवस जातो.

वाट पाहायला जाताना जमलं तर त्या मुलाचीच व्हीलचेअर घेऊन जा. नाही जमलं तर सायकल हातात धरून ढकलत न्या. जिथे सायकल उचलावी लागते, तिथे खुर्चीही उचलावी लागणार. दिवस ज्या वेळी भरणार आहे त्याच वेळी जा. सकाळी आठची सावली दुपारी बाराला तिथे नसते.

मोजमापं थोडीच आहेत. वाट निदान ९० सेंटीमीटर रुंद हवी. खुर्ची वळवायला साधारण १५० सेंटीमीटरची मोकळी जागा हवी. चढाचं प्रमाण १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार. उघड्यावर १:२० मिळाला तर मूल स्वतःच्या हाताने खुर्ची चालवू शकतं. भुसभुशीत मातीत पुढची छोटी चाकं रुततात. अशा वेळी पुढे रेटू नका. खुर्ची किंचित मागे कलवून उलटी ओढत न्या. तीव्र उतारावरही खुर्ची उलटीच उतरवायची. उचलायची वेळ आली तर सांगाड्याला धरा, हात ठेवायच्या दांड्यांना धरू नका. त्या निघून हातात येतात.

मग आजूबाजूला पाहा. उघडी विहीर, शेततळं, मधमाश्यांचं पोळं, बांधलेला बैल, मोकळं कुत्रं, कुंपणात सोडलेली वीज. आणि एक गोष्ट जी शहरी पुस्तकांत लिहिलेली नसते: शेतमालकाला विचारा की गेल्या काही दिवसांत फवारणी झाली आहे का, आणि आपल्या तारखेच्या आसपास होणार आहे का. झाली असेल तर ते रान सोडा. मुलं माती चिवडणार आहेत, पानं चुरगाळणार आहेत, आणि काही मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात.

शौचाची सोय पायी दहा मिनिटांच्या आत हवी. खुर्ची आत जाईल असं शौचालय नसेल तर चार बांबू आणि चादरींचा आडोसा, आत पाटी किंवा कमोड-खुर्ची, हात धुवायला पाणी. या बाबतीत लाजून चालत नाही. सोय नसली की मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. पाळी आलेल्या मुलींसाठी पॅड आणि झाकणाचा डबा त्याच आडोशात ठेवा, कुणाला मागावं लागू नये.

शेवटी मोबाइलला रेंज कुठे येते ती जागा शोधा आणि तिथे फडकं बांधून ठेवा.

४. एका कामाला अनेक दारं ठेवा

इथे एक नमुना सविस्तर देतो: माती किती वेळात पाणी पिते?

साधारण १५ सेंटीमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे कापून घ्या. (पत्र्याचे डबे कापून वापरायचा मोह होतो, स्वस्तात पडतात, पण कडा हात कापतात आणि चाचपून पाहणाऱ्या मुलाला ते धोक्याचं आहे.) तुकडा जमिनीत थोडा ठोकून बसवायचा, त्यात ४५० मिली पाणी ओतायचं, म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटरचा थर होतो, आणि ते पूर्ण मुरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पायवाट, झाडाखालची माती आणि नांगरलेलं रान, अशा तीन ठिकाणी. पायवाटेवरचं पाणी हलायचं नाव घेत नाही आणि नांगरलेल्या रानातलं बघता बघता गायब होतं. ते पाहून मुलं आपोआप विचारायला लागतात की मग जोराचा पाऊस पडला की पाणी जातं कुठे.

आता यात कोण कुठे? न दिसणाऱ्या मुलाला पाइपच्या आत बोटाचं टोक मातीला टेकवून ठेवू द्या. पाणी संपलं की बोटाला ओलसर माती लागते, आणि "संपलं!" हा पुकारा त्याचा. वेळ थांबवायची ती त्याच्याच सांगण्यावर. ऐकू न येणाऱ्या मुलीकडे स्टॉपवॉच. पण सुरू आणि बंद करायची खूण हाताने ठरवलेली, तोंडी नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाने माप भरून ओतायचं. मापावर जाड रेघ मारलेली, तिथवर भरायचं. त्याला तेच ते पुन्हा करायला आवडतं, आणि प्रयोगालाही नेमकं तेच लागतं. दर वेळी सारखं पाणी.

खुर्चीवरच्या मुलाचा हात जमिनीला पोचत नाही. त्याला खाली चटईवर बसायचं आहे का ते विचारा. खुर्चीतच बरं वाटत असेल तर तीन ठिकाणची माती तीन कापलेल्या बाटल्यांत, तोंडाला फडकं बांधून, टेबलावर उलटी ठेवा आणि खाली ग्लास. हा प्रयोग तो करेल, आणि त्यात गाळून येणारं पाणी मोजताही येतं, जे जमिनीवरच्या गटाला जमत नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांना लागतात. तसं लागलं पाहिजे. त्याचं काम काढून घेतलं तरी गटाचं उत्तर पूर्ण होत असेल, तर ते काम त्याला बसवून ठेवायला दिलेलं आहे.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे वही. चालता न येणाऱ्या मुलाला "तू नोंदी ठेव" असं सांगणं फार सोपं असतं. एकदा ठीक आहे. पण प्रत्येक कामात नोंद, टाळ्या, वेळ सांगणं आणि सामान राखणं एकाच मुलाच्या वाट्याला येतंय का, ते तपासा. मुलांना हे आपल्या आधी कळतं. "बाई, आज पण मी वहीच धरू?" असं विचारलं गेलं, की समजायचं.

आणखी एक लाडका उपक्रम म्हणजे आवाजांचा नकाशा: डोळे मिटून बसायचं आणि कुठून कोणता आवाज येतो ते कागदावर मांडायचं. छान आहे, अंध मूल यात साऱ्या वर्गाला मागे टाकतं, कागदाऐवजी वाळूच्या ताटात खडे मांडू द्या. पण कर्णबधिर मुलाला त्यात काहीच उरत नाही. त्यापेक्षा "इथे काय काय जाणवतं" असा नकाशा करा: वारा कुठल्या अंगाला लागतो, वास कुठून येतो, ऊन गालावर की पाठीवर, पायाखाली काय हादरतं. आवाज हा त्यातला एक.

५. माणसं

सहा ते आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि ज्यांना शौचाला, खायला, चालायला मदत लागते त्यांच्यासाठी वेगळं माणूस. शिवाय एक शिक्षक कुठल्याच गटात नको. तो मोकळा हवा. गट शिक्षकांनी पाडायचे. मुलांवर सोडलं की एक मूल शेवटी उभं राहतं.

जोडीदार ठेवा, पण दर कामाला बदला. आणि भावंडाला जोडीदार करू नका. सहावीतल्या बहिणीला दुसरीतल्या भावाला सांभाळायला लावणं गावच्या शाळेत इतकं अंगवळणी पडलेलं आहे की कुणाला त्यात वावगं दिसत नाही. तिचाही तो दिवस आहे. घरी ती ते करतेच.

आई-वडील सोबत येतो म्हणाले तर या म्हणा. पण "पालक आले तरच मूल येईल" ही अट घालू नका. त्यांची त्या दिवशीची मजुरी बुडते, आणि इतर मुलांच्या पालकांना ती अट नसते.

६. कागदपत्रं

● शाळेची लेखी परवानगी: तारीख, ठिकाण, जाण्या-येण्याची वेळ, जबाबदार शिक्षकाचं नाव
● जागेच्या मालकाची संमती. तोंडी मिळाली तरी दोन ओळी लिहून सही घ्या
● पालकांचं संमतीपत्र, साध्या भाषेत. वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवून
● छायाचित्रांसाठीची संमती वेगळी. ती नाकारली तरी मूल येणारच, हे त्यावरच छापा
● प्रत्येक मुलाचं माहितीपत्रक: औषधं, ॲलर्जी, मदत, दोन संपर्क क्रमांक
● औषध द्यायचं असल्यास पालकांची सही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत
● धोके आणि त्यावरचे उपाय लिहिलेला एक कागद, जागा पाहिल्यावर लगेच केलेला
● जवळच्या दवाखान्याचा रस्ता, रुग्णवाहिकेचा क्रमांक, आणि गाडी असलेल्या गावातल्या एका माणसाचा होकार

संमतीपत्रात "काही झाल्यास शाळा जबाबदार नाही" असं वाक्य बऱ्याच ठिकाणी सर्रास टाकतात. टाकू नका. त्याने जबाबदारी टळत नाही, आणि ज्या आईला आधीच धाकधूक आहे ती ते वाक्य वाचून मूल घरी ठेवते.

७. सामान

● पिण्याचं पाणी मुबलक, आणि स्ट्रॉ. ग्लास धरता न येणाऱ्यांना लागतात
● प्रथमोपचार पेटी, लॅटेक्स नसलेले हातमोजे
● दम्याचा पंप, फिटचं औषध, ग्लुकोज; ज्याचं त्याच्या गटासोबत, एका पिशवीत कोंबलेलं नको
● सावलीसाठी ताडपत्री आणि दोर
● चटया, एक घडीचं टेबल, दोन-तीन खुर्च्या
● श्रवणयंत्राचे जादा सेल. गोल छोटे सेल गिळले तर आतून इजा करतात, त्यामुळे मोठ्यांच्याच खिशात
● व्हीलचेअरसाठी हवेचा पंप, पंक्चरचं सामान, पाना
● बदलायचे कपडे, टॉवेल, पिशव्या
● शिट्टी आणि मोठं रंगीत फडकं. ज्यांना शिट्टी ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फडकं
● चित्रांच्या पाट्या: पाणी, शौच, दुखतंय, थांब, घरी

महागडं काही आणायची गरज नाही. खुरप्याच्या मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी जाड गुंडाळली की पकड कमी असलेल्या हातालाही ते धरता येतं (लॅटेक्सची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असेल तर ट्यूबऐवजी चिंध्या).

८. आदल्या दिवसांत

जागेचे फोटो काढून वर्गात लावा आणि दिवसाचा क्रम चित्रांत मांडा: निघणं, चालणं, काम, जेवण, काम, परत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलासाठी ही आयुष्य सोपं करणारी गोष्ट आहे. बाकीच्यांनाही "आता पुढे काय" हे दर पाच मिनिटांनी विचारावं लागत नाही. जमलं तर त्या मुलाला आधी एकदा नुसतं फिरवून आणा, गर्दी नसताना.

पाऊस आला किंवा ऊन चढलं तर दिवस रद्द करायचा निर्णय कुणाचा आणि किती वाजता, हे ठरलेलं असू द्या. पर्यायी तारीखही आधीच सांगा. रद्द झाल्याचं ऐनवेळी कळलं तर काही मुलांचा पूर्ण आठवडा बिघडतो.

९. प्रत्यक्ष दिवस

सगळ्यात हळू चालणारं मूल पुढे ठेवा. ते मागे राहिलं की बाकीचे थांबतात, विश्रांती घेतात, आणि ते पोचलं की लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

निघताना, पोचल्यावर, जेवणाआधी, जेवणानंतर आणि परत निघताना मुलं मोजा. पळून जायची सवय असलेल्या मुलावर एकाच माणसाचं लक्ष ठेवा आणि पाण्याच्या दिशेला तो माणूस उभा करा. स्वमग्न मुलांपैकी काहींना पाण्याची विलक्षण ओढ असते.

सूचना देताना सूर्य तुमच्या पाठीमागे नको. तुमच्या तोंडावर उजेड हवा, नाहीतर ओठ वाचणाऱ्या मुलाला फक्त काळी आकृती दिसते. मुलांना अर्धवर्तुळात बसवा. वाऱ्यात श्रवणयंत्रात घोंघाट होतो, म्हणून जवळ जाऊन बोला. यंत्र भिजू देऊ नका.

अंध मुलाचा हात धरून त्याला ओढू नका. त्याने तुमचा हात कोपराच्या वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. तुमच्या अंगाच्या हालचालीवरून चढ, उतार, वळण त्याला कळतं. ताटात काय कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यांवरून सांगा: तीनवर हे, सहावर ते.

एक शांत जागा ठेवा. चटई, सावली, गर्दीकडे पाठ. तिथे जायला परवानगी लागत नाही, आणि तिथे गेलेल्याला "काय झालं, काय झालं" असं विचारायचं नाही.

फिट आली तर वेळ बघा. आजूबाजूचे दगड, सामान सरकवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नका. पाच मिनिटांपुढे गेली, किंवा एकीमागून एक आली, तर दवाखाना. बाकी मुलांना दुसऱ्या माणसाने लांब न्यायचं. सुमारे अर्ध्या तासाने त्या मुलाला काम पुन्हा करायचं असेल आणि ते पूर्ण सावध असेल तर करू द्या. पालकांशी हे आधीच बोलून ठेवलेलं असतंच.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ३० पेक्षा कमी असतील तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत जा. एकट्या झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. व्हीलचेअर आणि कुबड्यांना जायला जास्त वेळ लागतो, म्हणून तुमच्यासाठी "अजून लांब आहे" असं काही नसतं. आभाळ भरून आलं की उठा.

कार्यक्रम ठरवलेल्या वेळेच्या दोन-तृतीयांशच भरा. उरलेल्या वेळात कुणीतरी मुंग्यांची रांग शोधून काढतंच.

१०. परत आल्यावर

दुसऱ्याच दिवशी वर्गात आकडे मांडा. पाणी मुरायला लागलेला वेळ दोऱ्याच्या लांबीने दाखवला, एका मिनिटाला एक वीत, तर तो तक्ता बोटांनीही वाचता येतो.

मुलांना काय आवडलं ते विचारा. बोलता न येणाऱ्यांना चित्रं दाखवून निवडू द्या. "मजा आली का?" असं विचारलं तर सगळे "हो" म्हणतात. "पुढच्या वेळी काय नको?" असं विचारा, मग खरं कळतं. पालकांना भेटाल तेव्हा तक्रारीआधी त्यांच्या मुलाने केलेलं एक नेमकं काम सांगा. "छान राहिली" या शब्दांत काहीच नसतं. "पाणी संपल्याचं नऊ वेळा तिनेच बरोबर सांगितलं" हे घरी चार जणांना सांगितलं जातं.

कुठे खरचटलं, कोण घाबरलं, कुठली वाट चुकीची निघाली, हे सगळं त्याच आठवड्यात लिहून फायलीत घाला, जागेच्या मोजमापांसह. शिक्षकांच्या बदल्या होतात. फाइल शाळेत राहते. माहितीपत्रकं मात्र त्या फायलीत नकोत. ती कुलपात ठेवा, पुढच्या वर्षी नव्याने भरून घ्या, कारण मुलं वाढतात, औषधं बदलतात, आणि गेल्या वर्षी पन्नास पावलं चालणारी मुलगी यंदा ओढ्यापर्यंत जाते म्हणेल.